मी निवडलेलं शहर

माझा धाकटा नातू अमेरिकेत असतो. परवा फोनवर म्हणाला, "आजी, या वर्षी तुला इकडे आणतोच. पासपोर्टचं, व्हिसाचं मी बघतो. तू फक्त एवढं सांग, आधी कोणतं शहर बघायचं? न्यूयॉर्क, शिकागो की सॅन फ्रान्सिस्को?" मी म्हटलं, "तुझ्या सोयीनं ठरव बाबा, मला सगळी सारखीच." त्याला वाटलं, म्हातारीला काय ठाऊक असणार. मग तो मला समजावून सांगू लागला, की न्यूयॉर्कला आभाळाला टेकलेल्या इमारती आहेत, शिकागोला समुद्राएवढं तळं आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोला चढउतार फार, तुझे गुडघे बोलतील. मी सगळं ऐकून घेतलं. हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाठ आहे, हे काही त्याला सांगितलं नाही. हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच मनापासून विचारला गेला होता आणि मी त्याचं उत्तरही दिलं होतं. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा पुन्हा द्यायला मी काही शाळेच्या बाकावर बसलेली नाही.

आमचं घर पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या एका बोळात होतं. बोळ इतका अरुंद, की समोरच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की शिंका आम्हांला यायच्या. ऊन आमच्या दारात दुपारी घटकाभर उतरे आणि घाई असल्यासारखं निघून जाई. पहाटे देवळातली पहिली घंटा, मग घाटावर धुणं आपटल्याचे आवाज, मग यात्रेकरूंना हाका मारणारे भटजी, आणि थोडं उजाडलं की नदीपलीकडून तांबट आळीतली ठोकाठोक. ती ठोकाठोक एखाद्या दिवशी बंद असली की आई म्हणायची, "आज कानांना उपास पडला." घर म्हणजे खाली ओटा, माजघर, स्वयंपाकघर, आणि वर एक खोली. वरची खोली आमची नव्हतीच. ती नानांच्या यजमानांची होती.

नाना म्हणजे माझे वडील. घाटावर श्राद्धपक्ष करणारे भटजी पुष्कळ होते, पण नानांची ख्याती निराळ्याच कामाची होती. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला ते प्रायश्चित्त देत. आजच्या मुलांना हे खरं वाटायचं नाही, पण त्या काळी बॅरिस्टर होऊन आलेल्या मुलाला त्याचे सख्खे काका पंगतीला घेत नसत. बहिणीचं लग्न तोंडावर आलं किंवा आजोबा हट्टाला पेटले, की ही मंडळी नाशकाला येत, वरच्या खोलीत उतरत, डोकं भादरून घेत, कुंडावर दहा प्रकारची स्नानं करत, पंचगव्य पीत, होम करत आणि शुद्ध होऊन घरी जात. येताना डोक्यावर हॅट, जाताना तुळतुळीत गोटा आणि मागे शेंडी. आम्हांला हसू आवरत नसे. नाना मात्र त्यांच्याशी फार मायेनं वागत. "जाणारे खुशाल जावोत," ते म्हणायचे, "येताना आमच्याच दारावरून जातील." नाना स्वभावानं हसरे, गप्पिष्ट, कुणाला टाकून न बोलणारे. त्यांच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हेही लक्षात असू द्यावं. वाईट माणसानं वाईट वागण्यात काही विशेष नाही.

दहा स्नानांची दहा द्रव्यं दहा द्रोणांत भरायची, हे आईचं आणि माझं काम. भस्म, माती, शेण, पंचगव्य, मग गोरज, मग धान्य, फळं, औषधी, दर्भाचं पाणी आणि सोनं बुडवलेलं पाणी. सोनं म्हणजे आईची नथ. ती पाण्यात बुडवायची आणि काम झालं की पुसून पुन्हा नाकात. गोरज म्हणजे गाईच्या खुरांनी उडालेली धूळ. आमच्याकडे पूर्वी गाय होती तेव्हा काही अडचण नव्हती. गाय गेली, दुसरी घेणं जमलं नाही, आणि गाई चरून यायच्या त्या थेट तपोवनाच्या बाजूनं, संध्याकाळी. एवढ्याशा धुळीसाठी तिकडे कोण जाणार? एकदा ऐन वेळी द्रोण रिकामा निघाला तेव्हा नाना मला म्हणाले, "अगं, कोपऱ्यावरच्या टांग्यांच्या अड्ड्यावरून आण मूठभर. धूळ ती धूळ. मंत्र तर मीच म्हणणार आहे." तेव्हापासून तीच रीत पडली. मी अड्ड्यावर गेले की तिथला बुढा टांगेवाला, त्याला सगळे रहीमचाचा म्हणत, घोड्याला चारा टाकता टाकता हसायचा. "ले जा बेटी, लय धूळ हाय. सारा नाशिक घेऊन गेली तरी सरणार नाय." घोड्याच्या टापांखालची ती धूळ किती वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या अंगाला लागली असेल, देव जाणे. आम्हांला त्यात पाप वाटत नव्हतं. रोजचा धंदा झाला की देवालासुद्धा माणूस घरातलाच समजतो.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर धुळ्याचे एक वकील आपल्या पुतण्याला घेऊन आले. पुतण्याचं नाव केशवराव. वय सत्तावीस-अठ्ठावीस, सावळे, चष्मा लावणारे, पायऱ्या चढताना डोकं आपटून घेणारे. चार वर्षं अमेरिकेत विजेचं शास्त्र शिकून आले होते. विलायतेहून आलेले आम्ही पुष्कळ पाहिले होते, पण अमेरिकेचा हा पहिलाच. धाकट्या बहिणीच्या लग्नात याला मंडपात घ्यायचं तर प्रायश्चित्त हवं, असं त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं. गंमत म्हणजे ते पुढच्या पावसाळ्यानंतर आणखी शिकायला परत तिकडेच जाणार होते. नाना खो खो हसले. "म्हणजे पुन्हा आमच्याकडेच येणं आलं! या, या. घर तुमचंच आहे."

प्रायश्चित्त होईपर्यंत त्यांचं पान ओट्यावर वेगळं. पत्रावळीवर वरून वाढायचं, पाणी उंचावरून ओंजळीत घालायचं. मी वाढत होते. मेथीची पातळ भाजी आणि बाजरीची भाकरी होती, बरोबर आईची लसणाची चटणी. माणूस असा जेवला, की जणू चार वर्षं उपाशीच होता. तिसरी भाकरी वाढताना मी न राहवून विचारलं, "तिकडे काय खायला मिळतं?" ते म्हणाले, "उकडलेले बटाटे. आणि त्यावर मीठ घालायला माणूस विसरलेला असतो." आत आई पदर तोंडाला लावून हसली. आमच्या घरी आलेल्या इतक्या मोठमोठ्या साहेबांपैकी मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणारा हा पहिलाच होता.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. मी नेहमीसारखे द्रोण मांडले, पाचव्यात अड्ड्यावरची धूळ भरली. कुंडाच्या पायरीवर केशवराव कुडकुडत उभे होते, भादरलेल्या डोक्याला थंडी जास्तच लागत असणार. नाना खणखणीत आवाजात मंत्र म्हणत होते. घरी आल्यावर होम झाला, आणि मग पंगत. अळूची भाजी, मठ्ठा, वरणभात, बुंदीचे लाडू. घाटावरचे अकरा भटजी जेवायला होते. नानांनी केशवरावांचा पाट मुद्दाम आपल्या पाटाला लागून मांडायला लावला. ही नानांची पद्धतच होती. ज्याला शुद्ध केलं त्याच्या शेजारी बसून पहिला घास आपण घ्यायचा, म्हणजे उरलेल्यांचे हात आपोआप भाताकडे वळतात. त्या दिवशीही तसंच झालं. मी तूप वाढत होते. नाना म्हणाले, "वाढ गं, हात आखडू नको. आजपासून हे घरचे."

ते शब्द वकीलकाकांनी फारच मनावर घेतले असावेत. जेवणं झाल्यावर ओट्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी नानांना सरळ विचारलं, "मुलगी आम्हांला द्याल का?" जात तीच, गोत्र वेगळं, पत्रिका बघायला नाना स्वतः समर्थ. आणि शिवाय मुलगा लग्न करून बायकोला बरोबर नेणार होता. नाना म्हणाले, "विचार करून सांगतो. राहा चार दिवस." मी दाराआड उभी होते. माझे हात तुपानं माखलेले होते आणि ते कशाला पुसावेत हे मला सुचत नव्हतं.

त्या चार दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे लिहायला मला आता कुणाची भीती नाही. केशवरावांजवळ अमेरिकेतल्या शहरांची चित्रकार्डं होती. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले, आई आत तांदूळ निवडत होती, मी तिच्या शेजारी. त्यांनी ती कार्डं उंबऱ्यावर ओळीनं मांडली आणि मला म्हणाले, "मला तीन शहरांत शिकायची सोय होते आहे. शिक्षण तिन्हीकडे चांगलंच आहे. तीन वर्षं राहायचं म्हणजे घराबाहेर मी असणार आणि घरात तुम्ही. तेव्हा शहर तुम्ही निवडा." मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला माणूस, आणि काय हवं ते विचारणाराही पहिलाच. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं.

आईनं तांदळातून मान वर न करता सुरुवात केली. "तळं आहे म्हणता ते कुठलं? शिकागो? तेच बरं. गोडं पाणी आहे ना? मग झालं. पाणी असलं की संसार होतो." केशवराव खरं बोलणारे, तिथंच फसले. ते म्हणाले, "पाणी गोड आहे, पण तिथं गुरांचे कत्तलखाने आहेत. मैलच्या मैल पसरलेत. वारा फिरला की गावभर वास येतो." आईच्या हातातलं सूप थांबलं. "नको गं बाई," ती म्हणाली, आणि शिकागो तिथल्या तिथं निकालात निघालं. मी न्यूयॉर्कचं कार्ड उचललं. इमारती खरंच भयंकर उंच होत्या. मी विचारलं, "खाली रस्त्यावर ऊन येतं का?" ते म्हणाले, "दुपारी थोडा वेळ." मी म्हटलं, "मग आमचा बोळ काय वाईट आहे?" ते इतके हसले, की त्यांचा चष्मा घसरला.

आणि मग सॅन फ्रान्सिस्को. टेकड्यांवर घरं, एकावर एक चढलेली, त्यामुळे मागच्या घराच्या खिडकीतूनही समुद्र दिसतो म्हणे. चढावरून दोरानं ओढली जाणारी ट्राम. सकाळी सगळं शहर धुक्यात बुडतं आणि दहा वाजले की वर येतं. आणि खाडीवर मोठमोठे पूल बांधायचं काम चाललेलं, एवढे उंच, की खालून आगबोट जाते. "आमच्या गोदेवरच्या पुलासारखा?" मी विचारलं. "तुमच्या पुलाखालून होडीसुद्धा नीट जात नाही," ते म्हणाले. मी कार्ड हातात धरून बसले. खिडकीतून समुद्र दिसतो, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. समुद्र ओलांडल्याची शिक्षा मात्र आमच्याच घरात दिली जायची. मी म्हटलं, "हे." ते म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी ते कार्ड बाकीच्यांच्या वर ठेवलं आणि म्हणाले, "मग ठरलं."

खरं सांगायचं तर केशवराव माझ्या मनात फारसे नव्हतेच. चांगले होते, खरं बोलत, भाकरीला नावं ठेवत नसत. पण मला ते शहर हवं होतं. लग्न केल्याशिवाय ते मिळणार नव्हतं, म्हणून लग्नही हवं होतं. या वयात हे बोलायला हरकत नाही. त्या चार दिवसांत मी भांडी घासताना ट्राममध्ये बसत होते आणि धुणं वाळत घालताना धुकं ओसरायची वाट बघत होते. आईनं तर एक दिवस गुपचूप विचारून घेतलं, की तिथल्या थंडीत तुळस जगेल का. केशवराव म्हणाले, "खिडकीत ठेवली तर जगेल." आईनं माडीवरच्या कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडून फडक्यात बांधल्या. कोणासाठी ते बोलली नाही.

चौथ्या दिवशी घाटावरचे बाळंभट नानांकडे आले. ओट्यावर बराच वेळ कुजबुज चालली होती. त्यातलं एवढं वाक्य मला ऐकू आलं, "नाना, जावई उद्या परत जाणार, येणार, तुम्ही त्याला पुन्हा शुद्ध करणार. पण ज्याची मुलगीच समुद्रापलीकडे नांदते, त्याच्या हातचं प्रायश्चित्त उद्या घेईल कोण?" बाळंभट गेल्यावर नाना घरात आले, पाणी प्याले, आणि वकीलकाकांना वर जाऊन सांगून आले, की योग दिसत नाही.

पत्रिका तर त्यांनी उघडूनही पाहिली नव्हती. मी सरळ ओट्यावर गेले. नाना दर्भाच्या काड्या निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"नाना, तुम्ही त्यांच्या पाटाला पाट लावून जेवलात."

"जेवलो."

"म्हणजे ते शुद्ध झाले ना?"

नानांनी काड्या खाली ठेवल्या. चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "गोदे, द्रोण कुणी भरले?"

"मी."

"गोरज कुठून आणलं होतंस?"

"अड्ड्यावरून. पण तुम्हीच सांगितलं होतंत, धूळ ती धूळ."

"मीच सांगितलं होतं. म्हणून तर मला माहीत आहे ना, तो किती शुद्ध झाला ते. जगाला तेवढं पुरतं गं. पोटच्या पोरीला कसं पुरेल?"

आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! धुळीचं निमित्त कशाला पुढे करता? यजमान तुटतील ही भीती आहे, तसं बोला की पोरीला." आईला नानांसमोर असं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. नाना पुन्हा काड्या निवडू लागले. "बोलायचं काय त्यात," ते म्हणाले, "घर त्यावरच चालतं. तूही त्यावरच जेवतेस."

मी सोळा वर्षांची होते आणि मूर्ख होते. मला वाटलं, अडचण खरोखर धुळीचीच आहे. नानांनी तेच म्हटलं होतं, आणि नाना माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी एक स्वच्छ द्रोण घेतला आणि एकटी तपोवनाच्या वाटेनं निघाले. संध्याकाळी मुलीनं एकटीनं तिकडे जायची पद्धत नव्हती. वाटेत रहीमचाचानं टांगा थांबवून विचारलं, "बेटी, धूळ तर इथंच हाय, तिकडे कुठं?" मी तशीच पुढे चालत राहिले. नदीच्या वळणावर गुरं परतत होती, पुढे गाई, मागे एक म्हातारा गुराखी. मी खाली बसून गाईंच्या पावलांमागची धूळ हातानं गोळा करायला लागले. गुराखी थबकला. "काय सांडलं का गं पोरी? कशापायी माती उकरती?" मी म्हटलं, "बाबा, ही गाईचीच धूळ ना? यात घोडं नाही ना कुठलं?" तो म्हणाला, "घोडं कुठून यायचं इकडं? सगळ्या गाईच हायेत. चांगली बघून घे." आणि खरंच त्यानं एक कपिला गाय धरून उभी केली, तिच्या खुराला लागलेली धूळ मला झाडून दिली. एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. मी रडत रडत घरी आले आणि द्रोण नानांसमोर ठेवला. म्हटलं, "ही खरी आहे. आता पुन्हा करा. ते अजून वरच आहेत."

नानांनी द्रोण उचलला, बोटानं धूळ चाचपली, नाकाशी नेली. गाईची धूळ त्यांना ओळखता येत होती, तेवढे ते जाणते होतेच. ते म्हणाले, "छान आहे. अशी मिळत नाही हल्ली." मग उठले, कोनाड्यातला पितळी डबा काढला, धूळ त्यात नीट ओतली, झाकण घट्ट लावलं आणि डबा परत ठेवला. "राहू दे," ते म्हणाले, "लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-पुतणे निघाले. केशवराव जाताना उंबऱ्याशी थांबले, आईच्या पाया पडले आणि चष्मा सावरत टांग्यात जाऊन बसले. कार्डं ते घेऊन गेले. एखादं मागे ठेवतील असं मला वाटलं होतं. मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. टांगा रहीमचाचाचाच होता. घोड्यानं टापा टाकल्या आणि बोळाच्या तोंडाशी धूळ उडाली.

फाल्गुनात माझं लग्न झालं. कळवणला, कचेरीत कारकुनी करणाऱ्या एका गृहस्थांशी. कळवण की सटाणा की वणी, असं मला कुणी विचारलं नाही. आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते. हे मी त्यांच्याबद्दल साठ वर्षं सांगत आले, आणि याहून अधिक काही सांगता आलं नाही हीच माझी तक्रार आहे. जेवताना ते बोलत नसत. एकदा मी म्हटलं, "आज भाजी कोणती करू?" तर म्हणाले, "जे होईल ते." पुढे घर, चार मुलं, बदल्या, दुखणी, सगळं रीतसर झालं. नाशिकच्या पुलावरून कितीदा तरी गेले. खालून होडी जात नाही, हे दरवेळी आठवलं आणि दरवेळी तोंड कडू झालं. आमचे हे गेले तेव्हा मी रडले. ते रडणं खरंच होतं, पण त्यातलं सगळं त्यांच्यासाठी नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा आईनं मला चुलीजवळ बसवलं. चकली तळता तळता ती हळूच म्हणाली, "धुळ्याचे वकील आले होते, त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला. त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं म्हणे. मुलगी पुण्याची, वडील कुठल्याशा हापिसात आहेत. दोघं गेलीसुद्धा." मी विचारलं, "कुठल्या शहरात?" आईनं झारा तेलातून काढला आणि म्हणाली, "तेच गं ते. टेकड्यांचं." चकलीचा वास घरभर भरला होता. त्या पुण्याच्या मुलीला कुणी शहर विचारलंच नसणार. विचारायची गरज काय होती? मी निवडून ठेवलेलं होतं. तिच्यावर माझा राग नाही. खिडकीतून समुद्र दिसत होता की नाही एवढं कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुळशीच्या मंजिऱ्यांचं फडकं आईनं मला कळवणला दिलं होतं. त्या परसात पेरल्या, आणि रोपं भरभरून आली.

तेवढ्यात ओट्यावरून नानांची हाक आली. "गोदे, आलीस ते बरं झालं. द्रोण भरून आण बघू, तुझ्या आईच्या हाताला आता तेवढी सफाई राहिली नाही." वरच्या खोलीत एक यजमान उतरले होते, विलायतेहून आलेले कुणी डॉक्टर. मी चुलीजवळून उठले, हात धुतले आणि दहा द्रोण मांडले. भस्म, माती, शेण, पंचगव्य. पाचव्यासाठी अड्ड्यावर निघाले तर नाना म्हणाले, "जाऊ नको, कोनाड्यात डबा आहे, त्यातलं घे." मी डबा उघडला. ती होती तशीच होती, मऊ, पिवळसर, गाईची. मी द्रोण भरून नानांच्या हातात दिला. त्यांनी तो डॉक्टरांसमोर धरला आणि अभिमानानं म्हणाले, "हे अस्सल गोरज आहे बरं का. आमच्या मुलीनं स्वतः तपोवनात जाऊन आणलंय. एवढी चोख शुद्धी तुम्हांला या घाटावर दुसऱ्या कुणाकडे मिळायची नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून आदरानं हात जोडले. मग नाना त्यांना घेऊन कुंडावर गेले, आणि ते गृहस्थ खरोखरीच शुद्ध झाले. मी दुसऱ्या दिवशी कळवणला परत गेले.